उशीची गार बाजू

१

संग्रहालय बंद करताना ठिणगीचं शेवटचं काम म्हणजे अंथरूण घालणं.

ठिणगी हे नाव बाबांनी दिलेलं. बाबांची सगळी नोकरी समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर झाली. पंधरवडा तिकडे, पंधरवडा घरी. "तिथे गॅस असतो, ठिणगी पडलेली चालत नाही. म्हणून आमची ठिणगी आम्ही घरी ठेवलीय," हा विनोद ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे आणि दर वेळी ती अशी काही भडकायची की पाहुण्यांना नाव लगेच पटायचं.

आता प्लॅटफॉर्म बंद पडला होता, बाबा निवृत्त झाले होते आणि कॉलेजात इतिहास शिकून बाहेर पडलेली ठिणगी बंदरातल्या एका जुन्या गोदामात तोच प्लॅटफॉर्म जपायच्या कामाला लागली होती. गोदामाचं संग्रहालय होत होतं. मगरीच्या दातांसारखी ड्रिलची टोकं, माणसाच्या डोक्याएवढे व्हॉल्व्ह, तडे गेलेली हेल्मेटं. आणि फोटो. ढिगाने फोटो, आणि प्रत्येकात कोणीतरी फीत कापतंय. संचालकांचा सगळा जीव त्या फोटोंत, म्हणून कर्मचाऱ्यांनी त्यांचं नाव फीतसाहेब ठेवलं होतं.

"साहेब, तेल काय फिती कापल्यामुळे वर आलं?" ठिणगीने भर बैठकीत विचारलं होतं. "माणसं राहायची तिथे. कुठे जेवायची, कुठे झोपायची, ते नको दाखवायला?"

"अगं, झोपण्यात कसला आलाय इतिहास?" फीतसाहेब म्हणाले.

ह्या एका वाक्यावर ती इतकी भांडली की शेवटी फीतसाहेबांनी हात टेकले. भंगारवाल्यांनी प्लॅटफॉर्म तोडायला घेतला तेव्हा राहण्याच्या मजल्यावरची एक केबिन भिंतींसकट कापून काढली आणि क्रेनने गोदामात आणून ठेवली. बाकीचा प्लॅटफॉर्म वितळून गेला. उरली ती ही एक खोली. पत्र्याच्या भिंती, न उघडणारी गोल खिडकी, दोन कपाटं आणि पडदा लावलेला एक बंक, रेल्वेच्या बर्थसारखा अरुंद.

कुठली केबिन आणायची हे ठिणगीने कोणाला विचारलं नाही. बाबांची आणली. लहानपणी अर्धं वर्ष आपला बाप कुठे गायब व्हायचा, ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. बाबांना विचारून काही हाती लागत नव्हतं. "काय सांगायचं? जात होतो, येत होतो." झालं. अख्ख्या आयुष्याचा एवढाच अहवाल.

माहिती दिली ती बाबांच्या जोडीदाराने. तो आता दुसऱ्या गावी राहायचा. तिकडे यंत्रांच्या धडधडाटात त्याचे कान निम्मे गेले होते, त्यामुळे बोलणं कायम ओरडून. सगळे त्याला भोंगा म्हणत. ठिणगीसाठी भोंगाकाका.

"माणसं फार, जागा कमी!" भोंगाकाकांनी फोनवरून तिचा कान बधिर करत सांगितलं होतं. "म्हणून दोघांत एक बंक. तुझा बाप दिवसपाळीला, मी रात्रपाळीला. तो उठला की मी त्याच उबेत शिरायचो. तुझ्या आईपेक्षा तुझ्या बापाची ऊब मला जास्त ठाऊक आहे गं!"

"काका!"

"अगं खरं तेच सांगतोय! आणि उठणाऱ्याने एक करायचंच. उशी उलटायची. येणाऱ्याला गार बाजू मिळाली पाहिजे. पांघरुणाचा कोपरा दुमडून ठेवायचा. म्हणजे ये बाबा, जागा तुझी, आता झोप."

ठिणगीला हे फार आवडलं. रोज संध्याकाळी सगळे दिवे घालवायच्या आधी ती केबिनमध्ये जायची, चादर ओढून घ्यायची, उशी उलटायची, पांघरुणाचा कोपरा दुमडायची, पडदा अर्धा ओढायची. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, माणूस आत्ता उठून गेला आणि दुसरा आत्ता येईल.

उद्घाटन जवळ आलं होतं. एका सकाळी चादरीची चुणी सरळ करायला तिने गादीवर हात ठेवला, आणि तसाच राहू दिला.

गादी कोमट होती.

२

पहिला संशय वॉचमनवर. दुसरा कोण असणार?

"मामा, खरं सांगा. रात्री केबिनमध्ये झोपता ना?"

वॉचमनमामांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "त्या कपाटात? मी एकदा आत शिरलो तर मला बाहेर काढायला पुन्हा क्रेन बोलवावी लागेल."

"मग गादी गरम कशी?"

"आणि किल्ली कोणाकडे असते?"

किल्ली तिच्याचकडे असायची. केबिनच्या दाराला तिने स्वतः नवं कुलूप बसवून घेतलं होतं, कारण मोठ्या माणसांवर तिचा विश्वास नव्हता. एक तर ती वस्तूंना हात लावतात, आणि वर आठवणी सांगत बसतात.

मग वायरमन झाला. तिचं म्हणणं असं की कुठेतरी वायर तापत असणार आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांदेखत धूर निघणार. वायरमनने केबिनला एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पाहिलं आणि कपाळाचा घाम पुसला.

"ताई, हिला कनेक्शनच दिलेलं नाही अजून. दिवा बाहेरून मारलाय. तापायला आत आहे काय?"

ऊन म्हणावं तर गोल खिडकीसमोर गोदामाची भिंत. गोदामाचा पत्रा तापतो म्हणावं तर मग व्हॉल्व्ह, हेल्मेटं, ड्रिलची टोकं सगळीच तापायला हवीत. ती तर गारठलेली. ठिणगी स्वतःशीच हसली. गादीला काय ताप येतो? जुना स्पंज असेल, उष्णता धरून ठेवत असेल. विज्ञान तिने दहावीनंतर सोडलं होतं, त्यामुळे हा खुलासा तिला पटला.

फक्त त्या खुलाशात उशी बसत नव्हती. उशीला मधोमध खळगा पडला होता. डोकं टेकल्यावर पडतो तसा, आणि त्याच्या तळाशी हात ठेवला तर गादीपेक्षाही जास्त ऊब.

तिने उशी झटकली, उलटी केली आणि कामाला लागली.

३

घरी वेगळीच चिंता होती. बाबांची झोप उडाली होती.

बाबांचं घोरणं हा त्यांच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज. आधी करवत चालावी तसं, मग एकदम बंद. इतका वेळ बंद की लहानपणी ठिणगी स्वतःचा श्वास रोखून वाट बघायची, आणि मग शेवटी नाकातून एक बारीक शिट्टी. ती शिट्टी आली की तिचाही श्वास सुटायचा. पहाटे जाग आल्यावर करवत ऐकू आली तर बाबा आलेत. नाही आली तर गेलेत. घरात दुसरं कॅलेंडर लागायचं नाही.

निवृत्तीनंतर करवत रोज चालू होती. आणि आता कित्येक दिवस घर गप्प होतं. बाबा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून राहायचे. डोळे उघडे, नजर कुठेच नाही.

"ती तुझी केबिन आली ना, तेव्हापासून हे," आई म्हणाली. "डोळ्याला डोळा लागत नाही ह्यांच्या."

"केबिनने काय केलं? रुसलेत ते. प्लॅटफॉर्म भंगारात गेला म्हणून. तोंडाने बोलायचं नाही आणि मग असं बसून राहायचं. तुमची सगळी पिढीच अशी."

"माझ्या पिढीला नावं ठेवून झाली असतील तर डॉक्टर काय म्हणाले ते ऐक. गोळ्या लागू पडत नाहीत. हे असंच चाललं तर हृदय दमेल म्हणाले. आणखी चार दिवस बघू, नाहीतर दवाखान्यात ठेवू."

ठिणगीचा आवाज खाली आला. ती खुर्चीजवळ जाऊन उकिडवी बसली. बाबांच्या गालांची हाडं कधी वर आली हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"बाबा, झोप का येत नाही? एकदा तरी पूर्ण वाक्यात सांगा ना."

बाबांनी मान वळवली. खूप लांबून कोणी हाक मारल्यावर माणूस वळतो तशी, सावकाश.

"झोप होते गं," ते म्हणाले. "कुठे होते ते कळत नाही."

४

तिने दोरा बांधला.

भूत वगैरे गोष्टी करणाऱ्या माणसांचा तिला तिटकारा होता. प्रत्येक गोष्टीला कारण असतं. लोक आळशी असतात म्हणून ते शोधत नाहीत. तेव्हा संध्याकाळी अंथरूण घालून झाल्यावर तिने पडदा पूर्ण ओढला, आणि पडद्याच्या कडीपासून बंकच्या लोखंडी खांबापर्यंत शिवणाचा पांढरा दोरा ताणून बांधला. बोट लागलं तरी तुटेल असा. मग केबिनला कुलूप, गोदामाला कुलूप, दोन्ही किल्ल्या पर्समध्ये.

सकाळी दोरा जागच्या जागी होता.

तुटलेला असता तर तिला किती बरं वाटलं असतं. तिने तो स्वतः तोडला, पडदा सारला. पांघरूण अस्ताव्यस्त, उशीला खळगा, गादी कोमट. नाही, कोमट नाही. चांगली गरम. आणि पूर्वी ती ऊब चहाच्या वेळेपर्यंत निवायची. आता दुपार झाली तरी निवली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकली. तिसऱ्या दिवशी अंथरूण घालायला ती गेली तर आधीच्या रात्रीची ऊब तशीच होती, जणू आतला माणूस उठलाच नव्हता.

आतला माणूस. हे शब्द डोक्यात आले म्हणून तिने स्वतःलाच एक शिवी हासडली.

त्यानंतरची दुपार. सुतार, रंगारी जेवायला बाहेर गेलेले. यंत्रं बंद, गोदाम सुनसान. ठिणगी केबिनमध्येच स्टुलावर बसून वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहीत होती. पाठीमागे बंक, पडदा ओढलेला. कुठेतरी सुताराची करवत चालू झाली. तिला चिठ्ठीत 'सुरक्षा' लिहायचं होतं, ते लिहून झालं. मग तिच्या लक्षात आलं की सुतार जेवायला गेलाय.

करवत थांबली.

शांतता लांबली. ठिणगीचा श्वास तिला न विचारता रोखला गेला, लहानपणी जायचा तसा. पेन कागदावर टेकलेलंच राहिलं, शाईचा ठिपका पसरत गेला.

आणि तिच्या पाठीमागे, पडद्याआड, बारीक शिट्टी वाजली.

तिने पडदा उघडला नाही. आपण पडदा उघडला नाही असं दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तिने त्याला तोंडावर भित्रा म्हटलं असतं. ती फक्त वळली आणि बघत राहिली. पडद्याचं जाड निळं कापड हळूच बाहेर फुगत होतं आणि हळूच आत जात होतं.

गोदामाच्या दारापर्यंत ती कशी पोचली हे तिला आठवत नाही. तिथून तिने घरी फोन लावला.

"आई, बाबा काय करतायत?"

"बसलेत खुर्चीत. का गं?"

"घोरतायत का?"

"डोळे टक्क उघडे आहेत. उघड्या डोळ्यांनी कोण घोरतं? तू बरी आहेस ना?"

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने उपाय केला. सोपा आणि तिच्या स्वभावाला साजेसा: अंथरूणच काढून टाकायचं. पडदा झटक्यात सारला. आत कोणी नव्हतं, नुसता खळगा. तिने पांघरूण ओढलं, चादर ओढली, गादी गुंडाळली आणि सगळं नेऊन कोठीच्या खोलीत टाकलं. बंकाचा नुसता पत्रा उरला. हात झटकून ती बाहेर आली.

चहा पोटात जातो न जातो तोच आईचा फोन.

"लवकर ये. ह्यांना हुडहुडी भरलीय. दात वाजतायत नुसते. मी दोन रजया घातल्या अंगावर, तरी म्हणतायत, पांघरूण कोणी ओढलं? पांघरूण द्या माझं."

ठिणगीने फोन चालूच ठेवला.

ती घराकडे धावली नाही. कोठीकडे धावली. गादी, चादर, पांघरूण दोन्ही हातांत कवटाळून तिने पुन्हा केबिनमध्ये आणलं. बंकाचा उघडा पत्रा गरम होता, तव्यासारखा नाही, माणसाच्या पाठीसारखा. तिने गादी घातली. वर पांघरूण घातलं. नुसतं घातलं नाही, कडा खाली खोचल्या, आजारी माणसाच्या खोचतात तशा.

"आई, आता?"

"थांबलं बाई. अचानक थांबलं. काय केलंस तू?"

काय केलं होतं हे तिला तेव्हा नीट कळलं. रोज संध्याकाळी तिने उशीची गार बाजू वर करून ठेवली होती. कोपरा दुमडून ठेवला होता. ये, जागा तुझी, आता झोप. रोज बोलावलं होतं आणि एकदाही उठवलं नव्हतं.

मग तिने उठवायचा प्रयत्न केला. पडद्याजवळ उभी राहून आधी हळू, मग मोठ्याने. "बाबा, उठा. बाबा, मी आहे." शेवटी शाळेत उशीर झाल्यावर बाबा तिला हाका मारायचे तशा हाका मारल्या. पडदा सावकाश फुगत राहिला. बरोबरच होतं म्हणा. ह्या बंकात त्यांना तिने कधी उठवलंच नव्हतं. इथे उठवणारा माणूस एकच होता.

"काका," तिने फोनवर ओरडून सांगितलं, कारण त्यांना तसंच ऐकू यायचं, "उद्या सकाळी येता का? पहिल्या गाडीने. रेकॉर्डिंग करायचंय. फार महत्त्वाचं आहे."

"अगं फोटोबिटो काढणार असशील तर दाढी करून येतो!"

६

भोंगाकाका खरंच दाढी करून, जुनी कंपनीची टोपी घालून आले. सुतार, रंगारी यायला अजून अवकाश होता. केबिनच्या दारात शिरताना त्यांचं डोकं चौकटीला आपटलं आणि ते खूश झाले.

"अजून तिथेच आहे ही चौकट! रोज आपटायचो. आणि तुझा बाप झोपेतून म्हणायचा, 'आली वाटतं वरात.'"

"काका, जोडीदाराला कसं उठवायचे ते करून दाखवा." तिने रेकॉर्डर चालू करून कपाटावर ठेवला. पडदा पूर्ण ओढलेला होता. आत करवत चालू होती, अगदी स्पष्ट. भोंगाकाकांच्या कानांपर्यंत ती पोचत नव्हती.

"रिकाम्या बंकाला उठवू?"

"आहे असं समजा."

"नाटकात काम करायचं राहिलंच होतं." त्यांनी घसा साफ केला, बोटातली अंगठी बंकाच्या खांबावर ठणठण आपटली आणि सगळं गोदाम दणाणेल असे ओरडले, "उठा राव! ड्यूटी!"

करवत बंद झाली.

शिट्टीची वाट बघत ठिणगी उभी राहिली. शिट्टी आली नाही. बंकाचा पत्रा कुरकुरला. पडद्याच्या मधोमध, आतल्या बाजूने, एक कोपर टेकल्यासारखा फुगवटा आला. कोणीतरी उठून बसत होतं.

तिच्या हातातला फोन वाजला.

"अगं, बाबा उठले!" आई रडत होती. "बूट घालतायत. कुठे निघालात विचारलं तर म्हणतात ड्यूटी. हात धरला तर हात बर्फासारखा. माझं ऐकत नाहीत, दाराची कडी काढतायत. रस्त्यावर गाड्या आहेत गं, हे असे शून्यात डोळे लावून—"

"धरून ठेव त्यांना!"

"माझ्याने धरवत नाहीत!"

कुठली ड्यूटी? प्लॅटफॉर्म तर वितळून गेला होता. तिथे जायला निघालेला माणूस कुठे पोचेल, हा विचार ठिणगीने पुरा केला नाही.

"काका! हे ड्यूटीचं झालं. घरी जायचं असेल तेव्हा कसं उठवायचे?"

"त्याची रीत वेगळी. ड्यूटीला उठवताना माणसाला हात लावायचा नाही, लोखंडाला लावायचा. पण पंधरवडा संपला, न्यायला हेलिकॉप्टर आलं, की मग—"

"सांगू नका! करा!"

एवढ्या जोराने तिने त्यांना सांगितलं की ते त्यांनाही नीट ऐकू आलं. "करतो, करतो. आजकालच्या पोरींना दम म्हणून नाही." ते हसत हसत पायथ्याशी गेले, पडद्याच्या कडेतून हात आत घातला. "असा पायाचा अंगठा धरायचा आणि..."

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातून माणूस निघून गेला.

"पोरी," ते म्हणाले. "आत कोणीतरी आहे."

"हो."

"अंगठ्याला नख नाही." त्यांचे ओठ आधी हलले, आवाज नंतर आला. "पाइप पडला होता पायावर. मीच... मीच पट्टी बांधली होती."

"काका, उठवा त्यांना. घरी."

फोनमधून कडी सरकल्याचा आवाज आला. भोंगाकाकांनी डोळे मिटले. त्यांचं मनगट हललं, दोनदा, अगदी हलकं, झोपलेल्या मुलाला हलवावं तसं. आणि ज्या माणसाने जन्मात कधी हळू आवाज काढला नव्हता तो कुजबुजला,

"चल रे. हेलिकॉप्टर आलं. घरी जायचं."

पडदा एकदम आत ओढला गेला, आणि कडेला बोटभर फट पडली. त्या फटीतून ठिणगीला दिसलं ते एवढंच: एक हात. पुढे जाणारा, घाई नसलेला. त्याने उशी उचलली, उलटी केली, वरून एकदा थापटली.

मग फट नुसती फट होती.

"गेला," भोंगाकाका म्हणाले. त्यांचा हात अजून आतच होता, पण आता बोटं चादरीवर टेकलेली होती.

"आई?" ठिणगीने फोन कानाला लावला. "आई, बोल ना."

"थांबले," आई म्हणाली. "दारातच थांबले. बूट काढले. आत गेले, आपल्या पलंगावर. अगं... अगं, ऐक."

आईने फोन कुठेतरी नेला. पलीकडून करवत ऐकू आली. मग लांबच लांब शांतता. दोन ठिकाणी दोन बायकांनी श्वास रोखला, आणि शिट्टी आली तेव्हा ठिणगी केबिनच्या जमिनीवर मट्‌कन बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

भोंगाकाकांनी टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. दुसरं काय करावं हे त्यांना सुचलं नसावं.

"हे सगळं त्या यंत्रात गेलं का गं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

यंत्रात काय गेलं ते ठिणगीने कधी ऐकलं नाही. रेकॉर्डिंगवर तारीख घातली, बाकीच्या रेकॉर्डिंगांबरोबर ठेवून दिलं. जपणं तिचं काम. ऐकायला पुढची माणसं आहेत, आणि ती तिच्यापेक्षा धीट असावीत अशी तिची इच्छा आहे.

७

बाबा दोन दिवस झोपले. मध्ये उठून जेवले, पुन्हा झोपले. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून खुर्चीत बसले तेव्हा गालांवर रंग होता आणि डॉक्टरांनी नाडी बघून दवाखान्याचा विषय सोडून दिला.

"बाबा, काही आठवतं?" ठिणगीने विचारलं.

"काय आठवायचं? झोपलो होतो." मग ते म्हणाले, "भोंग्या स्वप्नात आला होता. इतकं हळू बोलत होता की आधी ओळखूच आला नाही."

हे बाबांचं गेल्या कित्येक वर्षांतलं सगळ्यात लांब बोलणं होतं. ठिणगीने पुढे काही विचारलं नाही. तिला न विचारता राहणं जमतं, हे तिला नव्यानेच कळत होतं.

उद्घाटनाआधी फीतसाहेब केबिनपाशी आले आणि पाटी वाचून थबकले. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कृपया अंथरूण घालू नये. बंकाच्या पत्र्यावर काही नव्हतं. गादी नाही, उशी नाही, पडदासुद्धा काढलेला.

"'हात लावू नये' असं लिहायचं होतं ना? आणि हे काय, उघडाबोडका बंक? तूच म्हणालीस ना, माणसं कुठे झोपायची ते दाखवायचं?"

"दाखवलंय ना. इथे झोपायची. आता झोपत नाहीत."

फीतसाहेबांनी वाद घालायला तोंड उघडलं, तिचा चेहरा बघितला आणि उद्घाटनाच्या दिवशी नको असा सुज्ञ विचार करून मिटलं.

समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. फीत कापली गेली, फोटो निघाले. पहिल्या रांगेत आई, बाबा आणि भोंगाकाका. फीतसाहेब माइकपाशी गेले आणि देशाची ऊर्जा, सागराचं आव्हान, दूरदृष्टी वगैरे सुरू झालं. ठिणगी खांबाला टेकून उभी होती आणि नेहमीप्रमाणे मनातल्या मनात त्यांची वाक्यं खोडत होती.

दूरदृष्टीच्या ऐन मध्यावर बाबांनी जांभई दिली.

साधीसुधी नाही. दोन्ही हात वर ताणून, जबडा पार उघडून, आवाजासकट. माइकनेही ती पकडली. शेजारी भोंगाकाकांनी दिली. मग मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी. ती फिरत फिरत थेट व्यासपीठापर्यंत पोचली आणि 'उज्ज्वल भवितव्य' म्हणता म्हणता फीतसाहेबांचंच तोंड वासलं. गोदामात हशा पिकला. आईने बाबांना कोपर मारलं.

ठिणगीने एकदा केबिनकडे वळून बघितलं. एकदाच. तिथे रिकामा पत्रा होता, त्यावर दिव्याचा गोल उजेड, बाकी काही नाही.

मग ती पुन्हा बाबांकडे बघत राहिली. ते डोळे चोळत होते, ओशाळले होते आणि पुढची जांभई दाबायची खटपट करत होते. म्हातारी माणसं चारचौघांत अशी वागली की तिला एरवी जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. आज तिला वाटत होतं, द्या बाबा, अजून एक द्या.

त्यांनी दिली.